वर्डमधल्या मराठी फायली प्रोग्रामसाठी साध्या मजकुरात कशा आणायच्या?

तुमच्याकडे मराठीच्या दोनएकशे वर्ड फायली आहेत, त्यातले शब्द पायथनने मोजायचे आहेत, पण प्लेन टेक्स्ट म्हणून सेव्ह केलं की काही फायलींत नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि काहींत इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रश्नचिन्हांचं सोपं आहे. सेव्ह करताना वर्ड एन्कोडिंग (अक्षरं फायलीत साठवायची पद्धत) विचारतं, तिथे ‘विंडोज डिफॉल्ट’ तसंच राहिलं असणार. मूळ फाईल उघडून यूटीएफ-८ निवडा.

खिचडीवाल्या फायली युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधल्या. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये ‘मराठी’ म्हणजे फायलीत इ, जे, के, कॅपिटल बी आणि एच (ejkBh) ही पाच इंग्रजी अक्षरं. मराठी रूप त्यांना फाँट देतो. अशा फायलींचं आधी टेक्स्ट करून मग कन्व्हर्टरला (जुन्या फाँटचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रामला) देऊ नका. एका दिवाळी अंकाच्या जुन्या फायलींवर मी नेमकं हेच केलं होतं. मजकुरात मधूनमधून खरं इंग्रजीही होतं, लेखकांचे ईमेल पत्ते वगैरे. कन्व्हर्टरने त्यांचंही इमानेइतबारे ‘मराठी’ करून टाकलं. कुठला इ म्हणजे म आणि कुठला खरोखरच इ, हे फक्त फाँटच्या नावावरून कळलं असतं, आणि ते मी पहिल्याच पायरीला फेकून दिलं होतं.

म्हणून वर्डच्या डॉक्स (.docx) फायलीमधूनच वाचा. डॉक्स ही मुळात झिप फाईल. आत एक्सएमएलमध्ये मजकुराचे ‘रन’ नावाचे तुकडे असतात आणि फाँट त्या रनला लावलेला असतो. पायथन-डॉक्स या पायथनच्या लायब्ररीने तो वाचता येतो. रिकामा आला तर परिच्छेदाची स्टाइल बघा. (जुन्या डॉक फायली आधी लिबरऑफिसने डॉक्स करून घ्या. आणि टेबलांतला मजकूर परिच्छेदांच्या यादीत येत नाही, तो वेगळा काढावा लागतो.)

एक खोच आहे. वर्ड एकाच शब्दाचे दोन-तीन रन करून ठेवतं. कृतिदेवमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलट. नेमकी तिथेच रन तुटली तर वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. तेव्हा शेजारच्या एकाच फाँटच्या रन आधी जोडा, मध्ये स्पेस न घालता, आणि मगच रूपांतर करा.

मजकूर हाती आला की ‘न दिसणारी अक्षरं काढा’ असली तयार स्क्रिप्ट डोळे मिटून चालवू नका. ‘दऱ्या’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य अक्षर असा लिहिलेला असतो. ते काढलं की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

आणि शब्द मोजायला पायथनच्या ‘री’ (re) मॉड्यूलमधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’) वापरणार असाल तर थांबा. त्याला काना-मात्रा अक्षरं वाटत नाहीत. ‘मराठी’चे ते ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द मोजतं. स्पेस आणि विरामचिन्हांवर तोडलेलं बरं.