काय-स्क्वेअर, मान-व्हिटनी वगैरे टेस्ट नक्की काय सांगतात?

तुम्ही विचारलंय की एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय-स्क्वेअर निघतो, पी व्हॅल्यूही (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) मिळते, पण आपण मोजलं काय तेच कळत नाही, आणि मान-व्हिटनी वगैरे कधी घ्यायच्या. माझं ऐकाल तर पी व्हॅल्यू जरा बाजूला ठेवा आणि आधी अपेक्षित आकड्यांचा तक्ता बघा, सगळी गोम तिथेच आहे.

टायटॅनिकचा प्रसिद्ध डेटा घ्या. कर्मचारी धरून 2201 माणसं, वाचली 711, म्हणजे साधारण 32 टक्के. आता समजा तिकिटाच्या वर्गाचा आणि जीव वाचण्याचा काही संबंधच नव्हता, तर पहिल्या वर्गातल्या 325 पैकी पण 32 टक्केच म्हणजे 105 जण वाचायला हवे होते. वाचले 203. तिसऱ्या वर्गातल्या 706 पैकी 228 अपेक्षित, वाचले 178. असा तक्त्यातल्या प्रत्येक सेलमधला, म्हणजे चौकटीतला, फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्या सेलच्या अपेक्षित आकड्याने भागायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, बास, झाला काय-स्क्वेअर. इथे तो 190 येतो, आणि 3 डिग्रीज ऑफ फ्रीडमला (म्हणजे तक्त्यातले किती आकडे मोकळेपणाने बदलू शकतात; इथे तीन वर्ग आणि कर्मचारी असे चार गट, वाचले किंवा नाही, म्हणून 4 वजा 1) 7.82 ओलांडलं तरी 5 टक्के पातळीवर आपण संबंध आहे म्हणतो. त्या 190 पैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या 'पहिला वर्ग, वाचले' या सेलचा आहे, आणि थिसिसमध्ये लिहायची खरी गोष्ट ही, नुसतं 'सिग्निफिकंट आहे' हे नव्हे. (तसं बघितलं तर जहाजावर कुटुंबं एकत्र होती, त्यामुळे प्रत्येक माणूस सुटा धरणं, जी या टेस्टची अट आहे, ते इथेही शंभर टक्के बरोबर नाही.)

डिग्रीज ऑफ फ्रीडम डोक्यावरून जात असतील तर वाईट वाटून घेऊ नका, 1900 साली ही टेस्ट मांडणाऱ्या कार्ल पिअर्सनचाच तिथे घोळ झाला होता, संख्याशास्त्रज्ञ फिशरने तो 1922 मध्ये निस्तरला.

टेबलमध्ये टक्के कधीच भरू नका, माणसंच मोजून भरा. 20 जणांचे टक्के भरले की सॉफ्टवेअरला वाटतं 100 जण होते आणि काय-स्क्वेअर पाचपट फुगतो. आणि ते 'पाचपेक्षा कमी नको' म्हणतात ते अपेक्षित आकड्याबद्दल, प्रत्यक्ष आकड्याबद्दल नाही. दोन बाय दोनच्या टेबलमध्ये तसं झालं तर सरळ फिशर एक्झॅक्ट घ्या. ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर त्याच माणसांना हो-नाही विचारलं असेल तर काय-स्क्वेअर चालतच नाही, तिथे मॅकनेमार टेस्ट.

उत्तरांना क्रम असेल, म्हणजे 'अजिबात नाही' ते 'पूर्ण सहमत' असं, तर काय-स्क्वेअर तो क्रम बघतच नाही, आणि मग हातातली माहिती वाया जाते. तिथे रँकवाल्या, म्हणजे उत्तरांना क्रमांक देऊन ते क्रमांक ताडणाऱ्या, टेस्ट घ्या: दोन वेगळे गट असतील तर मान-व्हिटनी, तीच माणसं दोनदा मोजली असतील तर विल्कॉक्सन साइन्ड-रँक, तीन किंवा जास्त वेगळे गट असतील तर क्रुस्कल-वॉलिस. नॉनपॅरामेट्रिक (डेटा ठरावीक आकाराच्या वितरणातला आहे असं न धरणाऱ्या अशा टेस्ट) म्हणजे काही अटीच नाहीत असं बरेच जण धरून चालतात, पण मान-व्हिटनी आणि क्रुस्कल-वॉलिसला गट एकमेकांपासून स्वतंत्र असायलाच लागतात. आणि क्रुस्कल-वॉलिस फक्त 'कुठेतरी फरक आहे' एवढंच सांगते, कोणत्या दोन गटांत ते शोधायला पुढे डनची टेस्ट करावी लागते, व्हायवाला हे विचारतातच.