निअँडरथल आपले पूर्वज की पूर्वजांपैकी?

बडोद्याच्या दांडियाबाजारात राहणाऱ्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. भित्तिपत्रकासाठी नववीतल्या मुलीने लिहिलं, 'निअँडरथल हे आपले पूर्वज होते.' विज्ञानाच्या सरांनी 'पूर्वज' खोडून वर 'चुलत भाऊ' असं लिहिलं. ताई विचारतात, खरं कोणाचं? शिवाय 'थल' लिहायचं की 'टाल'?

थल-टालचं आधी सांगतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर दरीत १८५६ साली चुनखडीच्या खाणीतल्या मजुरांना निअँडरथलांची, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका प्राचीन मानवाची, हाडं सापडली. जर्मनमध्ये दरीला 'टाल' म्हणतात. पूर्वी त्या शब्दात ट-नंतर एक मुका 'ह' लिहीत. १९०१च्या लेखनसुधारणेत तो गेला. पण भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांनी १८६४ साली दिलेल्या शास्त्रीय नावात तो तसाच राहिला, आणि आपला 'थ' तिथून आला. मराठीत 'निअँडरथल' रुळलंय, तेच ठेवा. दरीचं नाव योआखिम निअँडर या सतराव्या शतकातल्या धर्मोपदेशकावरून पडलं. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमन, म्हणजे नवा माणूस. त्याचं ग्रीक रूप निअँडर. इतक्या जुन्या मानवाच्या नावात 'नवा माणूस' दडलेला आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता पूर्वज. नात्यांचे शब्द आपण बडोदेकर जरा जपूनच वापरतो. घरात 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, शेजारच्या गुजराती घरात 'दादा' म्हणजे आजोबा. म्हणून ताईंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

सर चुकले नाहीत. आपली आणि निअँडरथलांची शाखा पाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्या हिशेबाने ते चुलत घराणंच. पण चुलत भावाचा वंश आपल्यात उतरत नाही, आणि इथे तर उतरला आहे. २०१०मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो आणि सहकाऱ्यांनी निअँडरथल जीनोमचा, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएचा, आराखडा मांडला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा अंश सापडला. आज तो साधारण २ टक्क्यांच्या आसपास धरतात. आफ्रिकेतल्या लोकांत बराच कमी. म्हणजे आधी शाखा फुटल्या आणि पुढे, सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी, त्या दोन घराण्यांत सोयरीक झाली. आपल्याकडे भाऊबंद वेगळे आणि सोयरे वेगळे. निअँडरथल दोन्ही आहेत, म्हणून 'चुलत भाऊ' अपुरा पडतो.

मग 'मूळ पुरुष' म्हणावं का? अजिबात नाही. कुलवृत्तांत उघडून पाहा, तो बापाकडून मुलाकडे सरकतो. त्या वाटेने, म्हणजे वाय गुणसूत्राने, निअँडरथलांचं काहीही आपल्यापर्यंत आलेलं नाही. आईकडून लेकीकडे जाणाऱ्या, पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या वाटेनेही नाही. जे आलं ते आडवळणाने: आईच्या वडिलांची आई, तिचे वडील, त्यांची आई अशा गुंतलेल्या धाग्यांतून. कुलवृत्तांतात या लोकांची नोंद होत नाही, पण 'पूर्वज' या शब्दात ते मावतात. श्राद्धात आईच्या वडिलांनाही पिंड देतो आपण; पूर्वज म्हणजे फक्त आडनावाची रांग नव्हे.

आणि हा अंश नुसता कागदावरचा नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल तुकडा कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवतो, असं २०२०मध्ये दिसून आलं. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे तो आहे.

त्या मुलीचा शब्द बरोबर आहे, चुकली ती वाक्याची बांधणी. 'निअँडरथल हे आपले पूर्वज होते' असं म्हटलं की सगळा वंश त्यांच्यापासून निघाला, असं ऐकू येतं. 'पैकी' लावा: 'निअँडरथल आपल्या पूर्वजांपैकी होते.' मराठीतला हा 'पैकी' फार कामाचा. तो वाटाही मान्य करतो आणि बाकीच्यांना जागाही ठेवतो.

ताई, भित्तिपत्रकावर हेच वाक्य जाऊ द्या. सरांचं 'चुलत' सोडून द्यायचं नसेल तर पुढे जोडा: 'शाखेने चुलत, सोयरिकीने पूर्वजांपैकी.' आणि तिचा खोडलेला 'पूर्वज' तिच्याच हाताने परत लिहू द्या.