अनोळखी माणसाला प्रश्न विचारताना

प्रिय विद्यार्थिनी,

सस्नेह आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फास्टॅगचा वार्षिक पास पुण्याला जाताना चालतो का, एवढा एका ओळीचा प्रश्न तू इंटरनेटवर अनोळखी लोकांपुढे ठेवलास. त्यावर कोणी ठामपणे हो म्हणाले, कोणी तितक्याच ठामपणे नाही म्हणाले आणि एका गृहस्थांनी ‘आधी स्वतः शोधायला शिका’ असे सुनावले. यापुढे असे किरकोळ प्रश्न विचारावेत की नाहीत, असे तू मला विचारतेस. अवश्य विचारावेत. आमच्या तरुणपणी अशा शंका शेजारी, नातेवाईक किंवा कचेरीतला ओळखीचा कारकून यांच्यापाशीच नेता येत, आणि ज्याची कुठे ओळख नसे त्याची शंका तशीच राहत असे. मात्र तुला मिळालेली ती दोन परस्परविरोधी उत्तरे मी वाचली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी कोणी चुकले आहे असे मला दिसले नाही.

हा पास १५ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला, तेव्हा ३००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, अशी त्याची मुदत होती. तो खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यापुरता होता, आणि राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्ग यांवरील टोलनाक्यांपुरता होता. साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्याला आणेवाडी आणि खेड-शिवापूर हे नाके लागतात. ते राष्ट्रीय महामार्गावरचे आहेत, म्हणून त्या बाजूने येणारा हो म्हणाला. मुंबईहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला खालापूर आणि तळेगावचे नाके लागतात. तो रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा असल्यामुळे तिथे या पासाचा उपयोग नाही, म्हणून दुसरा नाही म्हणाला. तू कुठून निघणार, कोणत्या रस्त्याने जाणार आणि गाडी खासगी आहे की भाड्याची, यांपैकी काहीही तुझ्या ओळीत नव्हते. एसटी स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीपाशी ‘गाडी कधी आहे?’ असे विचारले तर आतला माणूस निदान ‘कुठली?’ असे खेकसतो. इंटरनेटवरचा माणूस तेवढेही करत नाही, तो स्वतःच्याच गावची गाडी धरून उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून गाव, तारीख आणि आपली नेमकी परिस्थिती प्रश्नातच लिहावी, मग त्यासाठी आणखी दोन वाक्ये खर्ची पडली तरी हरकत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. अनोळखी माणसाला कोणत्या जातीचा प्रश्न विचारायचा, हे आधी ठरवावे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यासंदर्भात २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठाने असा निर्णय दिला की, कायद्यातील ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर बसत नाही. जे नोंदीत आहे ते मागता येते, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन मागता येत नाही. पुढे २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियमात बदल करून अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, अशी अटही घातली. नागरिक म्हणून मला हे दोन्ही फारसे रुचलेले नाही, कारण सरकारला ‘का’ विचारता आलेच पाहिजे असे माझे मत आहे. पण अनोळखी माणसाला प्रश्न विचारणाऱ्याने हीच बंधने आपण होऊन पाळली तर त्याचा फायदा होतो. त्या माणसापाशी खात्रीचे असे एकच असते, ते म्हणजे त्याने स्वतः पाहिलेले आणि त्याच्या बाबतीत घडलेले. त्याचा अंदाज, त्याचा राग आणि त्याने ऐकलेली बातमी यांची तुला गरज नसते, पण ‘का’ विचारलेस की हेच पुढे येते.

एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटचेच उदाहरण घे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना ती बसवणे आपल्या राज्यात सक्तीचे झाले, तेव्हा ‘ही सक्ती कशासाठी?’ असे विचारणाऱ्यांना टोमण्यांपलीकडे फारसे काही मिळणे शक्य नव्हते. ‘तुमच्या शहरात नोंदणी केल्यापासून प्लेट बसेपर्यंत किती दिवस लागले आणि केंद्रावर वेगळे पैसे मागितले का?’ असे विचारले असते, तर जो नुकताच त्या केंद्रावरून परतला आहे तो ते आनंदाने सांगतो. आपला खटाटोप कोणाच्या तरी उपयोगी पडावा, असे माणसाला वाटतच असते.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या प्लेटची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती आणि मग ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. मार्चमध्ये लिहिलेले अचूक उत्तर मे महिन्यात वाचणाऱ्यासाठी चुकीचे ठरले, पण उत्तर मात्र जिथे होते तिथेच राहिले. म्हणून कोणतेही उत्तर वाचताना आधी त्याची तारीख पाहावी, आणि आपला प्रश्न लिहिताना ‘आजच्या तारखेला’ असे नि:संकोच लिहावे. नियमाविषयी कोणी ‘तसा जीआर निघाला आहे’ असे म्हटले, तर त्याच्याशी वाद न घालता त्या शासन निर्णयाचा संकेतांक विचारावा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या प्रत्येक शासन निर्णयाला स्वतःचा संकेतांक असतो आणि तो निर्णयाच्या मजकुरातच छापलेला असतो; तो मिळाला की मूळ कागद आपण स्वतः वाचू शकतो. ज्याला तो देता येत नाही, त्याचा हेतू वाईट असेल असे नाही, पण त्याने कागद पाहिलेला नाही एवढे कळते.

चालू घडामोडींचे प्रश्न विचारताना अधिक जपावे लागते. ‘हा कायदा योग्य आहे का?’ असे विचारणे म्हणजे सभा भरवणे. ज्याला सभा हवी त्याने ती जरूर भरवावी, पण त्यातून माहितीची अपेक्षा ठेवू नये. तुला माहिती हवी असेल तर प्रश्न घटनेच्या पायरीपुरता ठेव. विधेयक मांडले जाणे, दोन्ही सभागृहांत मंजूर होणे, राष्ट्रपतींची संमती मिळणे आणि कायदा प्रत्यक्ष अमलात येणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बातमीच्या मथळ्यात त्यांची नेहमी सरमिसळ होते. लोकसभा व विधानसभांतील महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते आरक्षण नव्हते, कारण नंतरची जनगणना आणि तिच्या आधारे होणारी मतदारसंघांची फेररचना यांच्याशी त्याची अंमलबजावणी त्या दुरुस्तीतच जोडलेली होती. ‘महिला आरक्षण झाले का?’ या प्रश्नाला त्या काळात हो आणि नाही ही दोन्ही उत्तरे मिळाली असती, आणि दोन्ही देणाऱ्यांनी एकमेकांना अडाणी ठरवले असते. मंजूर झाले का आणि लागू झाले का, असे दोन प्रश्न केले असते तर भांडायला कोणाला जागाच उरली नसती.

काय लिहू नये, तेही थोडक्यात सांगतो. रेल्वेच्या तिकिटाचे छायाचित्र टाकायचे झाले तर पीएनआर, नाव आणि वय झाकावे. आधार क्रमांक, फोन क्रमांक आणि घरचा पत्ता कोणत्याही प्रश्नाला आवश्यक नसतो. एखाद्या बँकेविषयीची तक्रार उघडपणे मांडली की आपण त्याच बँकेतून बोलत असल्याचे भासवणारे फोन आणि संदेश येऊ लागतात. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, हे लक्षात ठेव, आणि पैसे गेलेच तर अनोळखी लोकांना विचारत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन कर. औषधाची मात्रा किंवा छातीत दुखणे हे विषयही तिथे नेऊ नयेत. त्यासाठी डॉक्टर आणि १०८ आहेत.

आता त्या उपदेश करणाऱ्या गृहस्थांविषयी. त्यांचा सूर मलाही आवडला नाही, पण तेच ते प्रश्न रोज वाचून माणूस वैतागतो, हेही खरे आहे. ‘मी अमुक ठिकाणी पाहिले, तिथे असे लिहिले आहे, पण माझ्या बाबतीत ते कसे लागू होते हे कळत नाही’ एवढे वाक्य तुझ्या प्रश्नात असते, तर त्यांना बोलायला निमित्त मिळाले नसते आणि कदाचित त्यांनीच नीट उत्तर दिले असते. एक सवय मात्र मला खरोखर खटकते, आणि ती तुला लागू नये असे वाटते: उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकण्याची. ज्याने आपला वेळ देऊन लिहिले, त्याचे लिहिणेही त्याबरोबर नाहीसे होते, आणि तीच अडचण असलेल्या पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याऐवजी काम झाल्यावर परत जाऊन, काय केले आणि काय झाले, ते तारखेसह लिहावे.

पत्राच्या शेवटी तू आजीच्या हयातीच्या दाखल्याविषयी विचारले आहेस. तो प्रश्नही तू एकाच ओळीत लिहिणार असशील, म्हणून आधीच सांगतो. निवृत्तिवेतन केंद्र सरकारचे आहे, राज्याच्या कोषागारामार्फत येते की भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून मिळते, हे आजीच्या कागदांवरून आधी पाहून घे. केंद्राचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. हा भाग नियमाचा आहे, तो बँकेत विचार. अनोळखी लोकांना एवढेच विचार की, बोटांचे ठसे उमटत नसलेल्या वृद्ध व्यक्तीचा दाखला कोणी मोबाईलवर चेहरा दाखवून काढला आहे का, कोणत्या महिन्यात काढला, आणि नेमके कुठे अडले. काय उत्तरे येतात ते मलाही कळव, कारण माझ्या थोरल्या बहिणीचीही हीच अडचण आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझे सर