वाचक विचारतात : तेलात हिस्सा मिळाला, पण कशाचा?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा भाचा कॅनडात कॅलगरीला तेल कंपनीत आहे. सुट्टीला आला तेव्हा सांगत होता की तिकडचे मूळ रहिवासी आता तेल कंपन्यांचे पार्टनर झालेत, आणि तेल पण आता कमी प्रदूषण करून काढतात. मला काय पटेना बगा. ज्यांच्या जमिनीवर खाणी झाल्या तेच पार्टनर? खरंय का नुसती जाहिरात?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाचा खोटं बोलत नाहीय, फक्त अर्धं सांगून गेलाय. अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या बाजूला वाळूत डांबरासारखं घट्ट तेल आहे, आणि फोर्ट मॅके हे फर्स्ट नेशनचं, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं गाव अक्षरशः खाणींच्या मधोमध आहे. या लोकांनी 1986 पासून स्वतःच्या कंपन्या काढून खाणींची कंत्राटं घेतली, म्हणजे धंदा त्यांना नवीन नाही. मग 2017 ला फोर्ट मॅके आणि मिकिस्यू क्री या दोन फर्स्ट नेशन्सनी मिळून सनकोर कंपनीच्या तेल साठवायच्या टाक्यांमध्ये 49 टक्के हिस्सा विकत घेतला, साधारण 50 कोटी कॅनेडियन डॉलरला. हे कोणी दान दिलं नाही ओ, बाजारात बाँड म्हणजे कर्जरोखे काढून पैसे उभे केले. टाक्या वापरायचं भाडं आधीच करारात ठरलेलं, त्यातून बाँड फिटतात आणि उरलेलं गावाचं. 2022 ला तर 23 फर्स्ट नेशन्स आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशाचे लोक) वस्त्यांनी एकत्र येऊन एनब्रिज कंपनीच्या सात पाइपलाइनींमध्ये 11.57 टक्के घेतले, 112 कोटी डॉलरला, आणि त्यातल्या 25 कोटींच्या कर्जाला प्रांत सरकारच्या महामंडळाने हमी दिली. बँक अशा वस्त्यांना दारात उभं करत नाही, म्हणून ही हमी महत्त्वाची, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त शिकण्यासारखी वाटते.

आता राहिलेलं अर्धं. हिस्सा टाकीत आहे, पाइपात आहे. खाणीत नाही, आणि खाणीचं घाण पाणी साठवायच्या तळ्यांवर तर बिलकुल नाही. आपल्याकडं साखर कारखान्याचा सभासद असतो ना, शेअर नावावर, दिवाळीला सवलतीची साखर घरी, पण वजनकाट्याचं विचारायला उठला की सर्वसाधारण सभा पाच मिनिटांत मंजूर मंजूर करून संपते, तसलाच प्रकार. इम्पिरियल कंपनीच्या कर्ल खाणीतून घाण पाणी झिरपतंय हे मे 2022 ला दिसलं. नंतर तिथंच 53 लाख लिटर पाणी तळ्यातून बाहेर आलं, आणि फेब्रुवारी 2023 ला नियामक खात्याचा आदेश निघाला तेव्हा कुठं खालच्या अंगाला राहणाऱ्या अथाबास्का चिपेवायन लोकांना नीट कळलं. नऊ महिने! त्या जागेच्या आसपास हे लोक शिकार करत होते, मासे धरत होते. त्यांचे प्रमुख अ‍ॅलन अ‍ॅडम यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला, आणि त्यांच्या जागी कोणी पण केला असता. पार्टनरशिपचे फोटो काढायला बोलवता आणि गळती झाल्यावर फोन करत नाही, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

प्रश्न : कॅनडाचं हे तेल आता ‘क्लीन’ आहे म्हणतात, म्हणजे नक्की काय? तेल ते तेलच की.
— एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : वरवरचं तेल खोदून काढता येतं, पण तसं साधारण पाचवा हिस्साच आहे, बाकीचं खोल. तिथं एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी मारतात, मध्ये पाचेक मीटर अंतर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, घट्ट तेल पातळ होऊन खालच्या विहिरीत उतरतं, ते वर उपसायचं. गोम अशी की वाफ करायला नैसर्गिक गॅस जाळावा लागतो, तेल काढतानाचा खरा धूर तिथंच. म्हणून वाफेसोबत प्रोपेन-ब्यूटेनसारखं द्रावक सोडायचं म्हणजे वाफ कमी लागते. इम्पिरियलने कोल्ड लेकला 2024 मध्ये असा प्रकल्प चालू केला, कंपनी म्हणते जुन्या वाफेच्या पद्धतीपेक्षा बॅरलमागचं उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत कमी होईल. वाफ न वापरता रेडिओ लहरींनी जमीन तापवायची चाचणी पण अल्बर्टातच झालीय. पण हे सगळे टक्के तेल काढण्यापुरते. बॅरलचा बहुतेक धूर ते शेवटी गाडीत जळतं तेव्हाच निघतो, त्यामुळे ‘आधीपेक्षा कमी घाण’ म्हणा, क्लीन म्हणू नका. परीक्षेत मात्र सर सांगतील तेच लिहा.

प्रश्न : आमच्याकडं सोलरवाले जमीन भाड्याने मागतायत. वर्षाला हेक्टरी सव्वा लाख म्हणतात. द्यावी का?
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : तुमचा प्रश्न मुद्दाम यांच्यासोबत घेतला, कारण इथंही मुद्दा तोच, हिस्सा की नुसतं भाडं. सव्वा लाख हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला दर आहे, दरवर्षी 3 टक्के वाढ धरून. जमीन खडकाळ असेल, बोअरला पाणी नसेल तर वाईट नाही. पण भाडं म्हणजे भाडं, वीज विकून जे येईल ते कंपनीचं. पीएम-कुसुमच्या ‘अ’ घटकात शेतकरी, सहकारी संस्था, अगदी ग्रामपंचायत सुद्धा 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारू शकते आणि वीज वितरण कंपनीला विकू शकते. अडचण तीच, भांडवल. एक मेगावॅटला कोटींमध्ये पैसे लागतात, त्यामुळे एकट्याने उडी मारू नका. बांधाला बांध लागून असलेले चार-पाच जण मिळून आधी महावितरणच्या ऑफिसला जा, जवळच्या सबस्टेशनवर आपली वीज घ्यायला जागा शिल्लक आहे का आणि युनिटला दर काय मिळणार ते लेखी विचारा, मग बँकेत. ते जमलंच नाही तर भाड्याने द्या, पण करार मराठीत करून घ्या, आणि मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट, फुटलेली पॅनलं कोण आणि कुणाच्या खर्चाने काढणार हे त्यात लिहिल्याशिवाय सही करू नका. एजंट म्हणेल “ते नंतर बघू”. तेवढ्यावर चहा पाजून परत पाठवा.