आम्ही दोघं नोकरीला, कुत्रा दिवसभर बाल्कनीत बांधलेला. शेजारच्या काकू म्हणतात हा छळ आहे. खरंच का? (कोथरूड, पुणे)

हो, काकूंचं बरोबर आहे. 'दोन वेळ खायला घालतो, पाणी ठेवतो' एवढ्यानं भागत नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता धरली आहेच. शिवाय कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही मालकाचाच गुन्हा. कायदा राहू द्या, एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्या फरशीवर अनवाणी उभे राहून बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकतच तो अंग थंड करतो. आणि साखळी वाटीला लागून पाणी सांडलं, की संध्याकाळपर्यंत घसा कोरडा.

मात्र 'नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये' असं काकूंचं म्हणणं असेल, तर ते मला पटत नाही. सकाळी नीट फिरवून आणलेला मोठा कुत्रा घरात मोकळा, पंख्याखाली असला, तर पाच-सहा तास बहुतेक झोपूनच काढतो. पिल्लू असेल तर दुपारी कुणीतरी यायलाच हवं.