नोकरी करत शिकताना अवघड वैचारिक पुस्तकं कशी वाचायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाला आहात, आतापर्यंत तीन किरकोळ नोकऱ्या झाल्या, त्यात वाचनाची वर्षं वाया गेली असं वाटतं. अवघड पुस्तक विसाव्या पानाला सुटतं. आणि या नोकऱ्या बायोडेटात लिहाव्यात का?

'वाया गेली' हे आधी खोडा. मी अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. त्याआधी दोन वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर होतो आणि एक वर्ष मेडिकलमध्ये. आमच्या घरातले एक वडीलधारे अजून म्हणतात, गल्ल्यावर बसणाऱ्यांनी दिवाळी अंक चाळावेत, प्रबंध वाचायला बैठक लागते. बैठक लागते हे मान्य. ती कुठे तयार होते यावर आमचं जमत नाही.

उदाहरणाला एकच पुस्तक घेतो, डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', ब्रिटिश काळातल्या रुपयाच्या व्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध. 1923 साली लंडनला छापलेलं, सात प्रकरणांचं, महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत सहाव्या खंडात आहे. वाचणारे पहिल्या दोन प्रकरणांत गळतात आणि दोष इंग्रजीला देतात. खरी अडचण बहुतेकदा एककांची असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: 1 पौंड म्हणजे 20 शिलिंग, 1 शिलिंग म्हणजे 12 पेन्स, 1 रुपया म्हणजे 16 आणे. 1835 नंतरचा रुपया 180 ग्रेन वजनाचा, त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन. म्हणजे वजन साधारण 11.66 ग्रॅम, चांदी 10.69 ग्रॅम. रुपयाचा दर 2 शिलिंग असेल तर पौंडाला 10 रुपये पडतात, 1 शिलिंग 4 पेन्स असेल तर 15. या दुसऱ्या दरात रुपयाचे पेन्सही सोळाच होतात, आण्याला एक पेनी. एवढं पान समोर असलं की निम्मे तक्ते आपोआप बोलू लागतात.

आता गल्ला कुठे कामाला येतो ते. सुट्टे नसले की रुपयाऐवजी टॉफी देतात. टॉफी दुकानदाराला घाऊकमध्ये 70 पैशांना पडली असं धरा. ती रुपया म्हणून दिली की वरचे 30 पैसे त्याचे. पण गिऱ्हाईक दहा टॉफ्या घेऊन परत आलं आणि 'दहा रुपये धरा' म्हणालं, तर काउंटर घेणार नाही. म्हणून टॉफीचं नाणं होत नाही. काउंटर घेतंय अशी कल्पना करा: मग टॉफ्या किती वाटायच्या याला दुकानदाराच्या मनाशिवाय दुसरा लगाम उरत नाही. रुपयाचंही असंच झालं. 1893 पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडं शुल्क भरून रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे रुपयाची किंमत त्यातल्या चांदीला बांधलेली होती. 1870 च्या दशकात जर्मनी चांदी सोडून सोन्याकडे गेला, पाठोपाठ इतर देश, आणि चांदी घसरली. सरकारला लंडनमध्ये देणी भागवायची होती पौंडांत, म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये. 1893 मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या आणि पुढे रुपया त्यातल्या चांदीपेक्षा महाग चालू लागला. टॉफीच, फक्त काउंटरवर घेतली जाणारी. आंबेडकरांचा मुख्य आक्षेप इथे बसतो: पौंडाशी दर स्थिर दिसतो म्हणून व्यवस्था चांगली ठरत नाही, रुपया पाडण्यावर पक्की मर्यादा हवी, नाहीतर देशातल्या किमती वाढत राहतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1913 मध्ये याच व्यवस्थेची बाजू घेतली होती. हे वाद सुट्टे मोजलेल्या माणसाला लवकर कळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट टॅली, म्हणजे गल्ल्यातली रोकड बिलांशी जुळवणं. रात्री गल्ला लागत नाही तेव्हा दिवसभराची सगळी बिलं कोणी पहिल्यापासून मोजत नाही. आधी फरक बघतात. फरकाला 9 ने भाग जात असेल तर आकडे उलटे पडले असण्याची शक्यता जास्त; 540 चे 450 झाले की फरक 90. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण 180 रुपयांचा परत आलेला माल वजा करायऐवजी मिळवला गेला की फरक 360 येतो. यूपीआय आणि उधारी वेगळी काढून ठेवली नसेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही.

पुस्तकही असंच लावायचं. प्रत्येक परिच्छेदाची मराठीत एक ओळ लिहा, स्वतःच्या शब्दांत. मग दोन ओळींच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' घालून बघा. दोन्हींपैकी एकही बसत नसेल तर तुटलंय ते तिथे. तेवढाच परिच्छेद परत वाचा. पान एकपासून पुन्हा सुरू करणं हीच विसाव्या पानाला सुटण्याची पायरी असते, कारण दर वेळी पहिली वीस पानं ओळखीची होतात आणि एकविसावं अनोळखीच राहतं.

मेडिकलमध्ये एच-वन रजिस्टर असतं, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही. त्यात औषध आणि नग लिहून भागत नाही, कोणत्या डॉक्टरने कोणत्या पेशंटला लिहून दिलं तेही लागतं, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. समासात हेच करा: लेखक दुसऱ्याचं म्हणणं मांडत असेल तिथे 'पू', स्वतःचं मांडत असेल तिथे 'उ'. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. चांगला लेखक विरोधकाची बाजू दोन-दोन पानं नीट मांडतो, आणि नवखा वाचक तीच लेखकाची समजून बसतो. परीक्षेत यावर मार्क जातात ते वेगळंच.

एका बैठकीला एक फर्मा, म्हणजे 16 पानं. पाऊण तासात होत नसेल तर आठ. नऊ तास उभं राहून आल्यावर नवं प्रकरण उघडू नका, त्या वेळी फक्त वहीतल्या ओळी नीट करा. अडलेल्या शब्दावर टिंब द्या, तिसऱ्यांदा आला तरच कोशात बघा. तळटीपा पहिल्या फेरीत सोडा. तक्त्यात मथळा, पहिली ओळ, शेवटची ओळ आणि सगळ्यांत मोठी उडी, एवढंच बघायचं. फोनवरच्या पीडीएफमध्ये तक्ते तुटतात. तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा. दोन फर्म्यांनंतरही लेखक कोणाशी भांडतोय हे एका ओळीत सांगता येत नसेल, तर पुस्तक बाजूला ठेवून अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रातलं पैशाचं प्रकरण वाचा आणि मग परत या. यात कमीपणा कसला?

बायोडेटात नोकऱ्या लिहा. 'कॅशियर' एवढंच नको. महिने, दिवसाला साधारण किती बिलं आणि गल्ला कोण लावायचं ते लिहा.

हे सगळं युक्तिवादाच्या पुस्तकांना लागू आहे. चरित्र किंवा प्रवासवर्णन असं वाचाल तर मजा जाईल. शिवाय रात्रपाळी असेल तर आधी झोप, फर्मा नंतर.

राहिलं ते बैठकीचं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. 1918 ते 1920 त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचं कर्ज घेतलं आणि परत गेले. हा प्रबंध त्यानंतरचा. आमच्या वडीलधाऱ्यांना हे सांगितलं की 'त्यांची गोष्ट वेगळी' म्हणतात. वेगळी आहेच. पण 'आधी नोकरी सोड, मग वाच' हा सल्ला त्यांनी मला दिला होता, आणि फीच्या हप्त्याचं विचारल्यावर विषय बदलला होता.