ओक्लाहोमाला एमएसला चाललोय, टॉर्नेडो आला तर नेमकं काय करायचं?

भावा, मी ओक्लाहोमातल्याच नॉर्मन शहरात दोन वर्षं काढलीत, आता परत राजारामपुरीत. पयलं म्हणजे एक कोल्हापुरी सवय इथंच ठेवून जा. वळीव सुटला की आपण गच्चीवर पळतो, कुणाचा पत्रा उडाला बघायला, मोबाईल काढून. तिकडंपण टॉर्नेडोचा सायरन वाजला की शेजारचे लोक अंगणात येऊन आभाळ बघत बसतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

टॉर्नेडोत, म्हणजे ढगातनं जमिनीपर्यंत गरगरत येणाऱ्या वादळात, माणूस मरतो तो जास्त करून उडून येणाऱ्या वस्तूंनी. वळवात सुटलेला पत्रा कसा येतो माहितीय ना, तिथं वासे, काचा, कधी कधी अख्खी गाडी येते. म्हणून आपल्या आणि वाऱ्याच्या मध्ये जेवढ्या भिंती घालता येतील तेवढ्या घालायच्या. तळघर असलं तर उत्तम, पण ओक्लाहोमात बऱ्याच घरांना ते नसतंच (मला वाटायचं अमेरिकेत सगळीकडं असतंय). मग सगळ्यात खालचा मजला, मधली, खिडकी नसलेली जागा, बाथरूम किंवा जिन्याखाली. मी दुसऱ्या मजल्यावर राहायचो, त्यामुळं खालच्या तेलुगू पोरांशी आधीच ठरवून ठेवलेलं, एकदा आम्ही पाचजण त्यांच्या बाथरूममध्ये डोक्यावर गादी घेऊन बसलोय. हेल्मेट घाल, इथं पोलीस दिसल्यावरच घालत असलास तरी. आणि पायात बूट पाहिजेतच, नंतर बाहेर सगळीकडं खिळे आणि काचा.

मोबाईलवर ‘वॉच’ आलं म्हणजे हवा तशी झालीय, लक्ष ठेव. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर दिसलाय नाहीतर कुणीतरी डोळ्यांनी बघितलाय, मग लगेच आत. स्वतःला दिसायची वाट बघू नकोस, पावसाच्या पडद्याआड किंवा रात्री तो दिसतच नाही. आणि दिसला, जागचा हलत नाही पण मोठा मोठा होत चाललाय असं वाटलं, तर तो तुझ्याकडंच येतोय.

खिडक्या उघडल्या की घर वाचतं हे जुनं खूळ आहे, त्यात वेळ घालवू नकोस. मोबाईल होममध्ये (आयतं आणून ठेवलेलं हलकं घर) तर थांबूच नकोस, वॉच आलं की लगेच पक्क्या इमारतीत जा. रस्त्यात असलास तर पुलाखाली थांबायचं नाही, आपल्याला पावसात तीच सवय असते म्हणून सांगतोय. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात आलेल्या टॉर्नेडोत पुलाखाली थांबलेले लोक गेलेत, पुलाखाली वारा उलट जोरात घुसतो. जवळ पक्की इमारत नसेल तर गाडी सोडून खोलगट जागेत पालथं पडायचं, डोकं झाकून.

आणि हो, शनिवारी दुपारी १२ ला सायरन वाजला तर टेस्ट असते. मी पहिल्या शनिवारी हेल्मेट घालून अर्धा तास बाथरूममध्ये एकटाच बसलेलो. पण हवा खराब असली की ते टेस्ट घेत नाहीत, त्यामुळं आभाळ भरलेल्या शनिवारी वाजला तर खरा समजून पळ.